खिशातला आकाशक

दिवाळीच्या खरेदीत कापड आणि फराळाचे सामान यांच्या जोडीला हल्ली आणखी एक बाब आली आहे. घरात कोणाचा तरी फोन जुना झालेला असतोच, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर तो बदलण्याचा ठराव बहुमताने पास होतो. मग सारे कुटुंब दुकानात जाते. चिरंजीव कॅमेऱ्याची चौकशी करतात, कन्यारत्न रंग पाहते, गृहिणी किमतीचा आकडा दोनदा विचारते, आणि आपल्यालाही थोडेफार कळते हे दाखवण्यासाठी गृहस्थ बॅटरी किती तास चालते ते विचारून घेतात. फोन हातोहात फिरतो व प्रत्येकजण म्हणतो, "वा, काय पातळ आहे!" पण वस्तूचे नाव फोन, आणि दूरच्या माणसाशी बोलणे हे तिचे मूळ काम. ते काम ज्या अवयवाच्या जोरावर चालते त्याची विचारपूस कोणी केलेली मी अजून ऐकली नाही. "याचा आकाशक कसा आहे हो?" असे विचारणारे गिऱ्हाईक आलेच, तर दुकानदार बहुधा त्याला पंख्याखाली बसवून पाणी देईल.

आकाशक हा शब्द मी पदरचा काढलेला नाही. आपल्या परिभाषाकारांनी अँटेनाला दिलेला तो प्रतिशब्द आहे आणि विश्वकोशातही तो आढळतो. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला असा शब्द व्यवहारात रुजला नाही याची हळहळ वाटणारच. वास्तविक अँटेना या शब्दात तरी काय आहे? लॅटिन भाषेत त्याचा अर्थ गलबताचे शीड ताणून धरणारे आडवे लाकूड. प्राणिशास्त्रज्ञांनी तो झुरळाच्या मिशांना लावला, आणि पुढे बिनतारी विद्येने तो आपलासा केला. आमच्या आजोबांच्या पिढीचा शब्द होता एरियल. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याच्या तारेची जाळीदार पट्टी ताणलेली, आणि तिची शेपटी रेडिओच्या पाठीत खुपसलेली. आमच्या लहानपणी ते शीड गच्चीवर चढले. वडील वर गज फिरवीत, आई खिडकीत उभी राही, आणि "आलं का?" "आलं होतं, गेलं!" असा संवाद सारी चाळ ऐके. आता गच्ची मोकळी आहे. एवढे मोठे शीड गुंडाळून कोणी आपल्या खिशात ठेवले आणि ते मावले कसे, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे एक सहकारी आहेत. पेपर तपासताना कंटाळा आला की मी त्यांच्याकडे खुर्ची वळवतो. त्यांनी मला जे सांगितले त्यातला गणिताचा भाग गाळून इथे देतो. गाळलेला भाग मलाही समजला नव्हता.

बिनतारी लहर सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावते. तेवढ्यात ती जितक्या वेळा हेलकावे घेईल तितके तुकडे त्या अंतराचे करा; एका तुकड्याची लांबी ती लहरीची लांबी. आपल्या मोबाइलची जुनी जागा ९०० मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला नव्वद कोटी हेलकावे. तिथे लहर भरते ३३ सेंटिमीटर. तारेची लांबी लहरीच्या निम्मी किंवा पाव असली की ती तार त्या लहरीला मनापासून साथ देते. तंबोऱ्याची तार जशी आपल्याच स्वराला झणकारते, तसाच हा प्रकार. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीचा पाव भाग सव्वाआठ सेंटिमीटर. एवढे आपल्या फोनमध्ये सहज बसेल असे वाटते, आणि एकच लहर असती तर प्रश्न इतका चिघळलाही नसता.

पण सरकारने लहरींचे वाटप जसजसे जमले तसतसे केले. आधी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ. २०१० च्या लिलावात २१००. मग चौथ्या पिढीसाठी ८५० आणि २३००. आणि २०२२ मध्ये पाचवी पिढी आली ती एका हाताने खालची ७०० आणि दुसऱ्या हाताने वरची ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढची जागा धरून. याशिवाय घरातल्या वाय-फायचे आणि ब्लूटूथचे २४००, वाय-फायचीच आणखी एक वरची खोली ५००० च्या पलीकडे, आणि वाट दाखवणाऱ्या उपग्रहांचे १५७५. सातशेच्या लहरीची लांबी ४३ सेंटिमीटर, तर पस्तीसशेच्या लहरीची जेमतेम साडेआठ. ज्या घराची लांबी वीतभरही नाही आणि जाडी आठ मिलिमीटर, त्यात इतक्या वेगवेगळ्या उंचीच्या पाहुण्यांची अंथरुणे घालायची आहेत. त्या घरात बॅटरीने आधीच माजघर अडवलेले, आणि कॅमेऱ्यांनी दिवाणखाना.

जागा मुबलक असेल तर हेच काम किती ऐसपैस करता येते, ते पाहायला नारायणगावाजवळ खोडदला जावे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण तिथे आहे. तारांच्या जाळीच्या तीस प्रचंड थाळ्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्याही अनेक पट्ट्यांवर ऐकतात. पण त्यांची तऱ्हा खानदानी! प्रत्येक थाळीच्या केंद्राशी चार बाजूंचा एक फिरता बुरूज आहे. एकेका बाजूला एकेका पट्ट्याचा ग्राहक बसवलेला. पट्टा बदलायचा झाला की बुरूज फिरतो आणि योग्य ती बाजू थाळीकडे तोंड करते. तिथे पोचल्यावर पाहुण्यांना मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशगंगांकडून येणाऱ्या कुजबुजीपुढे आपल्या खिशातला फोन म्हणजे कानाशी वाजणारा ताशा.

आमच्या सहकाऱ्यांनी मला बजावले की, जुन्या रेडिओशी फोनची तुलना करून फसू नका. रेडिओच्या लहरी तीनशे मीटर लांब होत्या, आणि भिंतीवरची पट्टी त्यांच्या मानाने नखाएवढी. तरी गाणी ऐकू येत. कारण रेडिओला फक्त ऐकायचे होते. बोलणारे केंद्र किलोवॅटच्या भाषेत गर्जत होते. फोनला उलट बोलावेही लागते, आणि ते वॅटच्या पाचव्या हिश्शाएवढ्या शक्तीत. टेकडीपलीकडच्या मनोऱ्याला आपला आवाज पोचला नाही, तर मनोऱ्याचा आवाज आपल्याला कितीही स्वच्छ ऐकू येवो, संभाषण होत नाही. म्हणूनच फोनच्या आकाशकात वाया गेलेला प्रत्येक कण महाग असतो.

आपल्याकडचे पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. ज्योती बसू आणि सुखराम ही दोन टोके. त्या काळच्या फोनला डोक्यावर एक कांडी असे, काहींची ओढून लांब करता येई. दिसायला ती गबाळी खरी, पण मोकळ्या हवेत उभी असे आणि आपले काम चोख करी. पुढे लोकांना ती खिशात टोचू लागली. आकाशक पोटात घेतलेले फोन त्याआधीही निघाले होते. पण १९९९ साली आलेल्या नोकिया ३२१० ने ही तऱ्हा घरोघर नेली. आतल्या एकाच पत्र्यावर तो ९०० आणि १८०० असे दोन्ही पट्टे चालवी.

हा पत्रा ज्या घाटाचा, त्याला इंग्रजीत उलट्या एफचा आकाशक म्हणतात. मला विचाराल तर त्याला देवनागरीची उपमा अधिक शोभेल. उभी तार ठेवायला फोनमध्ये उंची नाही, म्हणून तिला कोपरात वाकवून आडवी निजवली. ही झाली शिरोरेषा. पण आडवी तार खालच्या धातूच्या तळाशी इतकी बिलगते की ती लहर सोडीनाशी होते आणि आलेली शक्ती परत पाठवते. तेव्हा शिरोरेषेच्या एका टोकाला शेजारी शेजारी दोन काने काढले. एक काना तळाला घट्ट जोडलेला, दुसऱ्यातून शक्ती आत जाते. या दोन कान्यांमधले अंतर कमी-जास्त केले की शक्ती न अडता वर चढते. शुद्धलेखनात एका कान्याने अर्थ बदलतो हे मी वर्षानुवर्षे मुलांना सांगत आलो. विद्युतशास्त्रातही तोच कायदा असल्याचे पाहून मला गंमत वाटली.

आता यात दुसरा पट्टा कसा बसवायचा? तार आपल्या मूळ स्वराखेरीज वरच्या काही स्वरांनाही साथ देते, पण पाव लांबीच्या तारेचा पुढचा स्वर तिपटीवर येतो. नऊशेला बांधलेली तार सत्तावीसशेला गाईल. आपल्याला हवे होते अठराशे. म्हणून शिरोरेषेच्या जागी रुंद पत्रा घ्यायचा आणि त्यात कात्रीने वाकडी फट कापायची. विजेला फट ओलांडता येत नाही, तिला वळसा घालावा लागतो. एका अंगाला लांबचा वळसा, तो नऊशेसाठी. दुसऱ्या अंगाला जवळची वाट, ती अठराशेसाठी. वाडा तोच, पण एका भावाच्या खोलीकडे जायला तीन चौक पार करायचे आणि दुसऱ्याची खोली दारातच.

या वाकवावाकवीचे टोक गाठले ते बोस्टनच्या नेथन कोहेन या रेडिओ-खगोलज्ञाने. घरमालक बाहेर तार लावू देईना, म्हणून त्याने १९८८ मध्ये तारेला स्वीडिश गणिती कोख याच्या १९०४ च्या वक्राप्रमाणे दातेरी वळणे दिली, असे सांगतात. वळणात वळण, त्यात पुन्हा तेच वळण. आपल्या रांगोळीत कमळाच्या पाकळीत पाकळी काढतात तसे. पुढे बार्सिलोनाच्या कार्लेस पुएन्ते यांनी त्रिकोणातून त्रिकोण कापून काढलेला आकाशक केला. त्यातला लहान त्रिकोण लहान लहरीला साथ देतो, त्याच्या दुप्पट त्रिकोण दुप्पट लहरीला, आणि एकाच नक्षीत अनेक पट्टे येतात. ही नक्षी पाहून डोळे निवतात हे खरे. मात्र जाणकार म्हणतात की, पुष्कळदा साधी नागमोडी तारही तेवढेच काम करते. रांगोळी सुंदर असली म्हणजे पाहुणे जास्त येतात असे नाही.

इथवर ऐकल्यावर मी विचारले, "मग अडचण कुठे आहे? घड्या घालत जावे आणि लहान करत जावे." त्यावर सहकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. हेरल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलेले एक बंधन आहे, आणि आजवर कोणाची हुशारी ते मोडू शकलेली नाही. आकाशकाभोवती मावेल असा लहानात लहान गोल कल्पा. तो गोल लहरीच्या मानाने जितका लहान, तितकी शक्ती आत घुटमळते आणि बाहेर कमी जाते. असा आकाशक अगदी अरुंद पट्ट्यातच काम देतो. पट्टा रुंद करायचाच असेल तर शक्तीचा काही भाग उष्णतेत घालवायला तयार व्हावे लागते. आकार लहान, पट्टा रुंद आणि नुकसान नाही, ही तिन्ही सुखे एका घरात नांदत नाहीत. तार कितीही वळवा, ती ज्या जागेत वळते तिची मोजदाद होतेच.

मग आपले फोन चालतात तरी कसे? खुबी अशी की, खालच्या पट्ट्यांवर तो छोटा पत्रा फारसे बोलतच नाही. तो फक्त फोनच्या साऱ्या धातूच्या अंगाला डोलवतो, आणि लहर सोडते ते हे सारे अंग. पंधरा-सोळा सेंटिमीटरचा फोन नऊशेच्या लहरीच्या जवळजवळ निम्मा भरतो. म्हणजे आयता आकाशक! हल्लीच्या धातूच्या चौकटीवर बारीक आडव्या रेघा दिसतात ना? त्या शोभेच्या नाहीत. चौकटीचे तुकडे करून एकेकाला आकाशकाचे काम दिलेले असते आणि त्या रेघा म्हणजे तुकड्यांमधले अंतर आहे. आत लहानसे खटकेही असतात. पट्टा बदलला की ते तुकड्याची विजेच्या हिशेबातली लांबी बदलतात. खोडदचा बुरूज फिरतो, इथे खटका पडतो.

आणि हे सारे अंग आपण मुठीत धरतो. माणसाचा हात म्हणजे बव्हंशी खारट पाणी, ते लहरी पिऊन टाकते. शिवाय हाताच्या नुसत्या स्पर्शाने आकाशकाचा स्वर उतरतो. २०१० साली ॲपलच्या आयफोन ४ मध्ये पोलादी पट्टीच बाहेर आकाशक म्हणून वापरली होती. डाव्या कोपऱ्यातल्या फटीवर बोट पडले की दोन तुकडे जोडले जात आणि रेंज ढासळे. एवढा गवगवा झाला की त्या वर्षी जुलैच्या १६ तारखेला स्टीव्ह जॉब्ज यांना वार्ताहरांपुढे यावे लागले आणि कंपनीने गिऱ्हाइकांना रबरी कडे फुकट वाटले. कारखानदार हे आधी तपासत नाहीत असे नाही. प्रतिध्वनी गिळणाऱ्या स्पंजाच्या सुळक्यांनी मढवलेल्या खोलीत फोनची परीक्षा होते. डोक्यात किती शक्ती जिरते हे मोजायला माणसाच्या मस्तकाचा साचा असतो. त्यात मेंदूऐवजी जो द्रव भरतात त्याच्या एका जुन्या कृतीत पाणी, साखर आणि मीठ हे मुख्य जिन्नस आहेत. काही विद्यार्थ्यांच्या मस्तकाविषयी माझा असाच काहीसा अंदाज होता. पण ते असो. या जिरण्याला आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा आहे ती किलोला १.६ वॅट, तीही कोणत्याही एका ग्रॅममधली सरासरी. पुष्कळ फोनांवर स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबले की त्या फोनचा आकडा दिसतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. मला त्यातून एवढेच दिसले की, डोक्यात जिरलेली शक्ती मनोऱ्यापर्यंत पोचलेली नसते.

आता माझ्या मनात बरेच दिवस सलणारी गोष्ट सांगतो. माझी आई राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावी राहते. तिथे रेंज हा एका जागी मिळणारा पदार्थ आहे. विहिरीच्या वरच्या टेकाडावर एक कातळ आहे, त्याला सगळी वाडी रेंजचा कातळ म्हणते. गेल्या आषाढात रात्री आईला धाप लागली. घरात तिचा फोन होता, नवा, सडपातळ, पुतण्याने मुंबईहून आणलेला. त्यावर मनोऱ्याची एक रेघ दिसे आणि नंबर लावला की जाई. शेवटी शेजारचा मुलगा भर पावसात इरले घेऊन आला. त्याच्या जुन्या, जाडजूड, बटणांच्या फोनवरून पडवीतूनच डॉक्टरांना फोन लागला. आई सावरली.

सहकाऱ्यांनी हे ऐकून घेतले आणि शास्त्रज्ञाला शोभेल असा खुलासा केला. दोन फोनांची सेवा वेगळ्या कंपन्यांची असेल, पट्टे वेगळे असतील. एका रात्रीवरून सिद्धान्त काढू नये. मान्य आहे. पण पुढे ते जे म्हणाले ते मी विसरू शकलो नाही. डोंगराआड, झाडीपलीकडे, जांभ्या दगडाच्या जाड भिंतीतून आत पोचायला लांब लहर बरी; सातशेची, आठशेची, नऊशेची. शहरात मनोरे पावलोपावली, तिथे आखूड लहरींवर भागते. आणि फोनच्या लहान अंगात सर्वांत वाईट बसते ती नेमकी लांब लहर. व्हीलर आणि चू यांचे बंधन तिथेच काचते, आणि हाताने गिळले जाण्याचे दुःखही तिथेच बोचते. म्हणजे फोन जितका सडपातळ करावा तितका त्याचा जाच शहरातल्या आपल्याला कमी आणि रेंजच्या कातळावर जाणाऱ्यांना जास्त. फोनची जाडी ठरते ती मात्र आपल्या "वा, काय पातळ आहे" या उद्गारावर.

आकाशक बनवणाऱ्या इंजिनीयरांना माझा दोष नाही. उलट, सर्वांचे वाटून झाल्यावर उरलेल्या फटीत ते संसार थाटतात याचे मला कौतुक वाटते. माझी तक्रार आहे ती दोन मिलिमीटर जाडी सोसायला तयार नसलेल्या आपल्या हौसेबद्दल. ती हौस भागवताना कारखान्यात कोणत्या पट्ट्याचा बळी गेला हे पेटीवर कुठे छापलेले नसते. कॅमेऱ्याचे ठिपके मोजून सांगतात. मग हातात धरलेला फोन सातशे मेगाहर्ट्झवर किती शक्ती बाहेर सोडतो, हेही त्याच पेटीवर छापायला काय हरकत आहे? मापे घेतलेली असतात, आकडे कारखान्यात असतात.

तोवर करण्याजोगे थोडे आहे. धातूचे, चुंबकाचे, चकचकीत मुलाम्याचे कवच फोनला चढवू नये. रेंज कमी असेल तिथे फोन मुठीत आवळून कानाला लावण्यापेक्षा मोकळ्या जागी ठेवून दुरून बोलावे. हात आणि डोके बाजूला झाले की त्याच फोनचा आवाज दूर पोचतो. आईला मी हे सांगितले. हल्ली ती पडवीच्या कठड्यावर तांब्याला टेकवून फोन उभा ठेवायची. तांब्या धातूचा म्हणून तिथे आता नारळ आला आहे. स्पीकर लावून ती चार हातांवर पाटावर बसते आणि चढ्या आवाजात बोलते. फोन आता पहिल्यापेक्षा बरा लागतो. आमच्याकडे यंदा चकल्या बिघडल्या ही बातमी मात्र धनत्रयोदशीच्या संध्याकाळीच साऱ्या वाडीला कळली.